काठावरच्या पेशी

अकरा वर्षं मी मेलेल्या पेशी मोजायची नोकरी केली. हे एवढं वाक्य लिहायला मला आज सकाळी अर्धा तास लागला. पहिल्या खेपेला ‘पेशी’च्या जागी ‘पिशवी’ आलं, दुसऱ्या खेपेला ‘नोकरी’चा ‘री’ राहून गेला. डाव्या हाताने लिहिते, हळू लिहिते आणि वाचून बघितल्याशिवाय पुढे जात नाही. पण ज्यांच्यासाठी लिहिते आहे त्यांना घाई नाही. ते कुठेतरी कॉटवर पडून आहेत, सगळं ऐकताहेत, आणि भेटायला आलेली माणसं त्यांच्या अंगावरून एकमेकांशी बोलताहेत. त्यांना स्वतःला वाचता येत नसेल, तर जवळ बसलेल्या कुणी हे मोठ्याने वाचावं. सावकाश वाचावं.

*

मुंबईतल्या एका संशोधन संस्थेत मी तांत्रिक सहायक होते. मेंदूचा रक्तपुरवठा तुटला की तिथल्या पेशी कशा मरतात, हा आमच्या विभागाचा विषय. उंदराला भूल द्यायची, मेंदूकडे जाणारी एक रक्तवाहिनी ठरावीक वेळ बंद ठेवायची, मग सोडायची. पुढे त्या मेंदूचे केसाहून पातळ काप रंगवून काचपट्टीवर माझ्या टेबलावर यायचे. मी मायक्रोस्कोपला डोळे लावायची आणि हातातल्या काउंटरची कळ दाबत मोजायची : जिवंत किती, मेलेल्या किती.

मला जे दिसायचं ते साध्या भाषेत सांगते, कारण पुढे ते लागणार आहे. रक्त बंद झालं की मधल्या भागातल्या पेशी काही मिनिटांत फुगतात, फुटतात, संपतात. त्यांच्यासाठी काही करता येत नाही. त्या भागाभोवती मात्र एक कडं असतं. काठावरच्या पेशींना आजूबाजूने थोडंसं रक्त मिळत राहतं. जगायला पुरेल एवढं, काम करायला पुरणार नाही एवढं. त्या गप्प होतात. मेलेल्या नसतात, पण हाकेला उत्तर देत नाहीत. काही तास त्या तशा राहतात. रक्त परत आलं तर उठतात, नाही आलं तर जातात. आणि काही पेशी तर सगळं निभावलं असं वाटत असताना, दोन-चार दिवसांनी जातात. त्यांचं जाणं वेगळंच. फुटत नाहीत, आरडाओरडा नाही. आक्रसतात, आपलं आतलं सामान छोट्या छोट्या पुड्या बांधून आवरून ठेवतात, आणि शेजारच्या पेशी त्या पुड्या गिळून टाकतात. आमचे सर याला पेशींची आत्महत्या म्हणत. मला तो शब्द कधी आवडला नाही.

लग्न केलं नव्हतं. आई-वडील गेल्यावर नवीन पनवेलला, विचुंब्याच्या बाजूला, तळमजल्यावर दोन खोल्या घेतल्या. ही नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. आमच्या इमारतीत सोळा घरं आणि त्यातली अकरा बंद. लोकांनी घरं घेऊन ठेवली होती, राहायला कुणी आलं नव्हतं. मला ते चालत होतं. दिवसभर प्रयोगशाळा, येता-जाता एसटीत डुलकी. एकटेपणा म्हणजे काय, ते तेव्हा मला माहीत आहे असं वाटायचं.

*

फेब्रुवारी होता. सकाळी साडेसहाला मी ओट्याशी उभी राहून चहा गाळत होते. उजव्या हातातलं पातेलं खाली गेलं. हातातून सुटलं असं नाही वाटलं, हातच माझा राहिला नाही असं वाटलं. चहा पायावर सांडला तरी भाजलं नाही. मग पाय गेला आणि मी ओट्याला घासत खाली बसले, तशीच कुशीवर पडले.

दुखलं काहीच नाही. डोकं अगदी स्वच्छ होतं. मी मनात म्हटलं, डावी बाजू, मधली रक्तवाहिनी. आणि लगेच, घड्याळ बघ, वेळ लिहून ठेव. ही अकरा वर्षांची सवय. ओट्यावरचं घड्याळ खालून दिसत होतं. काटे दिसत होते, आकडेही दिसत होते, पण किती वाजले ते कळेना. आकडे म्हणजे नुसती नक्षी झाली होती. मला भीती वाटली ती तेव्हा. पडल्याची नाही वाटली, त्या घड्याळाची वाटली.

ओरडायचा प्रयत्न केला. तोंडातून ‘हो’ असा आवाज आला. पुन्हा केला. पुन्हा ‘हो’.

शेजारी एका नव्या इमारतीचं काम चालू होतं. तिथे विटा-रेती वाहणारी चांगुणा नावाची बाई रोज सातच्या सुमारास माझ्या मागच्या दाराशी हंडा भरायला यायची. बाहेरच्या नळाचा कॉक माझ्या स्वयंपाकघरात होता. तो मी उघडला की तिला पाणी मिळे. कर्नाळ्याकडच्या एका वाडीवरची ती, तिशीची असेल. आमचं बोलणं फारसं नव्हतं. ती ‘बाई, पानी’ म्हणायची, मी कॉक उघडायची.

त्या दिवशी नळाला पाणी आलं नाही.

“बाई, कॉक उगडा. उशीर व्हतो मना.”

मी म्हटलं, “हो.”

“हो हो काय? उगडा नं!”

“हो. हो.”

मग खिडकीच्या गजांना धरून तिने आत डोकावलं. मी तिच्याकडे बघत होते. तिने हंडा तिथेच टाकला. त्याचा आवाज मला अजून आठवतो. मग तिच्या हाका, मुकादमाचा आवाज, पुढच्या दारावर पहारीचे घाव. रेती टाकायला आलेल्या टेम्पोतून त्यांनी मला पनवेलच्या इस्पितळात नेलं. चांगुणाने माझं डोकं मांडीवर धरलं होतं, आणि टेम्पोवाल्याला ती सारखी म्हणत होती, “हलू चालव रं. पोरीसारका हाय तिचा जीव.” मी तिच्यापेक्षा बारा वर्षांनी तरी मोठी होते.

*

इस्पितळात डॉक्टरांनी तपासलं, सलाइन लावलं, दुपारी डोक्याच्या स्कॅनसाठी वाशीला पाठवलं आणि परत आणलं. लहानपणी मला सांधेतापाचा आजार झाला होता, त्यात हृदयाची झडप खराब झालेली होती. तिथे रक्ताची गुठळी होऊन ती वर गेली. हे सगळं डॉक्टरांनी माझ्या उशाशी उभं राहून नर्सला सांगितलं. मला कुणी सांगितलं नाही. मला ऐकू येतं हे कुणाच्या लक्षातच आलं नाही.

त्या दिवसाबद्दल मी नंतर पुष्कळ विचार केला आहे. वॉर्डात बारा कॉट होत्या. शेजारच्या बाईची सून तिला पेज भरवत होती, समोर कुणाचं तरी बाळ रडत होतं. आणि त्या सगळ्या गर्दीत माझ्या डोक्यात काय चाललं आहे ते फक्त मला ठाऊक होतं. मधला भाग गेला. तो घरीच गेला, ओट्याखाली. आता काठावरच्या. त्या अजून आहेत. गप्प आहेत, वाट बघताहेत. आता दोन तास झाले असतील. आता चार. गुठळी विरघळवायचं औषध तेव्हा आमच्याकडे कुणाला मिळत नव्हतं. उंदरांमध्ये काठावरच्या पेशी वाचवणारी जी द्रव्यं आमच्या फ्रिजमध्ये होती, ती माणसांवर चालत नव्हती, तेही मला माहीत होतं. सलाइनमधून थेंब पडत होते, आणि प्रत्येक थेंबाबरोबर मी मनातल्या मनात कळ दाबत होते. एक गेली. एक गेली.

माहिती असल्यावर माणसाला धीर येतो म्हणतात. मला आला नाही. शेजारची बाई देवाचं नाव घेत होती. मला घ्यायला काहीच नव्हतं. तिचा मला हेवा वाटला.

संध्याकाळी पुण्याहून अरुणदादा, माझा थोरला भाऊ, वंदनावहिनीला घेऊन पोहोचला. मुकादमाने माझ्या डायरीतून नंबर काढून फोन लावला होता. दादा बँकेत अधिकारी, शिस्तीचा माणूस. त्याने माझ्याकडे बघितलं आणि बाहेर निघून गेला. वहिनीने माझा उजवा हात उचलला, तो पडला, तो तिने पुन्हा नीट उचलून चादरीवर ठेवला.

“सुनंदा, ओळखलंस का मला?”

“हो.”

“दुखतंय का कुठे?”

दुखत नव्हतं. “हो,” मी म्हटलं.

वहिनी धावत नर्सला घेऊन आली. नर्सने दुखणं थांबवायचं इंजेक्शन दिलं. आणि तिथून पुढे सगळं तसंच चाललं. चहा हवा? हो. नको? हो. थंडी वाजते? हो. माझ्या आत ‘नाही’ तयार व्हायचं, अगदी स्पष्ट, आणि तोंडाशी येईपर्यंत त्याचा ‘हो’ झालेला असायचा. मान हलवून सांगावं, तर मानही उभीच हले. एक-दोन दिवसांत लोकांनी मला विचारणं सोडून दिलं. जी बाई सगळ्यालाच हो म्हणते, तिला विचारायचं कशाला?

*

चौथ्या-पाचव्या दिवशी डॉक्टर म्हणाले, “आता पेशंट स्थिर आहे.” दादाच्या खांद्यावरचं ओझं उतरल्यासारखं झालं. तो त्या दिवशी पहिल्यांदा पोटभर जेवला.

आणि मला तेच दिवस सगळ्यांत वाईट गेले. कारण मला ठाऊक होतं, हेच ते दिवस. सगळं निभावलं असं वाटत असताना ज्या पेशी मुकाट्याने आवरून निघतात, त्या आत्ता निघत असणार. मी शब्द चाचपून बघायची. नुसते मनात, नावं घेऊन. खिडकी आहे? आहे. चमचा? आहे. आईचं नाव? क्षणभर नव्हतं, मग आलं. आपल्या ऑफिसमधल्या मैत्रिणीचं? नव्हतं. आलंच नाही. मी रडायला लागले, तर वहिनी म्हणाली, “रडू नकोस गं, डॉक्टर म्हणताहेत ना, बरी आहेस म्हणून.”

वाचणाऱ्याला घाबरवायचा हेतू नाही. उलट सांगायचं आहे ते असं की ती माझी चूक होती. मी फक्त मरणाऱ्या मोजत होते, कारण मला तेवढंच शिकवलं होतं. उंदीर आठवड्याभरात संपायचे. काचपट्टीवरच्या मेंदूला पुढचा महिना नसतो. जिवंत राहिलेल्या पेशी पुढच्या महिन्यात काय करतात, ते आमच्या टेबलावर कधी आलंच नव्हतं.

*

तीन आठवड्यांनी घरी आणलं. दादाला रजा नव्हती, तो शनिवार-रविवार यायचा. वहिनी माझ्याजवळ राहिली. तिने मला आंघोळ घातली, शी-शू काढली, केस विंचरले. तिचे उपकार मी विसरणार नाही. पण तिची मुलगी त्या वर्षी दहावीला होती आणि तिचं निम्मं मन पुण्यात होतं. ती माझ्याशी लहान मुलाशी बोलावं तसं बोलायची. “चला, आता मम्मं करायचं हं.” मी बेचाळीस वर्षांची होते. ती तसं बोलली की मी डोळे मिटून घ्यायची, आणि ती समजायची की मला झोप आली.

एकदा वरच्या मजल्यावरचे कुलकर्णी काका कापडी पिशवीत जिवंत कबूतर घेऊन आले. लकव्याला कबुतराच्या रक्ताने मालिश केली की गुण येतो, असं त्यांना कुणी सांगितलं होतं. “करायची ना गं मालिश?” त्यांनी प्रेमाने विचारलं. मी म्हटलं, “हो.” कबूतर पिशवीतून डोकं काढून माझ्याकडे बघत होतं. मी डाव्या हाताने जोरजोरात हवेत फटके मारायला लागले. “हो! हो! हो!” काका बिचारे पिशवी उघडायला लागले. वहिनीला पक्ष्यांची किळस, म्हणून तिने ती परत पाठवली. पुष्कळ दिवसांनी मला हसू आलं. तोंडाच्या एकाच बाजूने आलं, पण आलं.

दुपार मात्र जायची नाही. वहिनी आतल्या खोलीत पडायची. बाहेर उन्हात कुणी नसायचं. अर्धवट इमारतींच्या मधून वारा धूळ घेऊन यायचा. प्रयोगशाळेतले लोक एकदा सगळे मिळून आले होते, फळं ठेवून गेले. सर माझ्याकडे बघायचं टाळत होते. मला वाटतं, ते कॉटवर मला बघत नव्हते, कापलेलं काहीतरी बघत होते. मी त्यांना दोष देत नाही. मीही तसंच बघितलं असतं.

चांगुणा रोज यायची. सकाळी हंडा भरायला, आणि आता दुपारच्या सुट्टीत भाकरी खायलाही. मागच्या दाराच्या पायरीवर बसायची. तिथून माझी खाट दिसायची. पहिल्या दिवशी तिने बजावूनच टाकलं :

“बाई, मी काय तुमचा काम करायला येत नाय. सावली हाय म्हणून बसते.”

“हो.”

“माजा सासरा असाच पडला व्हता. दोन वर्सं. बोलाचा नाय. आमी त्याला सगला सांगायचो. कोंबडी कोनी नेली, पानी कवा आला. त्याला कलत व्हता. डोल्यात दिसाचा.”

मग ती मला सांगायची. मुकादम कुणावर खेकसला, नवरा कसा रुसून बसला, विहिरीत साप निघाला. प्रश्न विचारायची नाही, त्यामुळे मला चुकीचं उत्तर द्यावं लागायचं नाही. कधीकधी काहीच बोलायची नाही. तंबाखू मळत बसायची. पण ‘नाय’ हा शब्द तिच्या तोंडात सारखा असायचा. मुकादमाने जास्त विटा उचलायला सांगितल्या की नाय. नवऱ्याने पुन्हा दारू प्यायली तर घरात घेणार नाय. तो शब्द ती अशी टाकायची की ज्याला ‘नाय’ म्हटलं तो माणूस समोर दिसावा.

मी तो ऐकत पडायची.

*

एप्रिलच्या एका रविवारी दादा दोन कागद घेऊन आला. खुर्ची ओढून माझ्याजवळ बसला.

“सुनू, नीट ऐक. वंदनाला आता इथे राहणं जमणार नाही. तू पुण्याला चल. आमच्याकडे मधली खोली तुझी. हे घर काढून टाकू. आणि हा तुझा राजीनामा. तुला आता ते काम होणार नाही, राणी. सहा महिन्यांनी त्यांनीच काढण्यापेक्षा आपण मानाने सोडावं. पटतंय ना?”

“हो,” मी म्हटलं.

दादाचे डोळे भरून आले. “मला माहीत होतं, तू समजून घेशील.” त्याने माझ्या डाव्या हातात पेन दिलं.

माझ्या आत जे चाललं होतं ते मला सांगता येणार नाही. तो वाईट माणूस नव्हता. तो जे म्हणत होता त्यातलं बहुतेक खरंही होतं. पण त्या मधल्या खोलीत मी कायमची ‘हो’ म्हणणारी बाई होऊन राहिले असते, हे मला दिसत होतं. मी पेन खाली टाकलं. त्याने उचलून पुन्हा दिलं.

“सही जमत नसेल तर अंगठा चालेल. वंदना, शाईचं पॅड बघ गं.”

“हो,” मी म्हटलं. “हो. हो!” आवाज चढला. दादाला वाटलं मी घाई करते आहे. वहिनीने पॅड आणलं. त्याने माझा अंगठा हातात घेतला.

“नाय.”

कोण बोललं ते मलाच कळलं नाही. दादाने दाराकडे बघितलं. दारात कुणी नव्हतं. रविवारी बांधकाम बंद असायचं.

“नाय,” मी म्हणाले. “नाय. नाय. नाय.”

दादा माझ्याकडे बघतच राहिला. आमच्या घरात तो शब्द असा कुणी कधी उच्चारला नव्हता. आई तर उच्चारांबद्दल फार कडक होती. ‘नाही’ माझ्या मेंदूतून पुसलं गेलं होतं, पण त्याच्या शेजारी कुठेतरी महिना-दीड महिना रोज दुपारी हे दुसरं साठत गेलं होतं.

“सुनू, तुला नाही म्हणायचंय?”

“नाय!” मी रागाने ओरडले. कारण उत्तर ‘हो’ असायला हवं होतं आणि आता ‘हो’ सापडत नव्हतं.

मग आम्ही तिघंही रडलो. दादाने कागदाच्या चार घड्या करून खिशात घातल्या. वहिनी म्हणाली, “म्हणजे इतके दिवस आपण हिला…” आणि तिने वाक्य पुरं केलं नाही. मला ते पुरं ऐकायचंही नव्हतं.

भांडण तिथे संपलं असं समजू नका. मी इथेच राहणार म्हटल्यावर दादा कित्येक महिने धड बोलला नाही. “हट्ट करतेस, उद्या काही झालं तर लोक मला बोलतील,” असं त्याने चिठ्ठीत लिहिलं. ती मला वाचता येत नव्हती. कुलकर्णी काकूंनी वाचून दाखवली. आणि वाचताना त्यांनाच अवघडल्यासारखं झालं. काकूंनी सकाळ-संध्याकाळ डबा द्यायचं कबूल केलं, एक बाई सकाळी तासभर मदतीला ठेवली. बाकीचे तास माझे मला काढायचे होते.

*

बोलायला शिकवणाऱ्या बाई मुंबईला होत्या. आठवड्यातून एकदा काका मला सोबत करायचे. त्या बाईंनी पहिल्यांदा मला आकडे म्हणायला लावले. एकापासून वीसपर्यंत मी घडाघडा म्हटले, मलाच आश्चर्य वाटलं. मग त्यांनी पाच पेन्सिली दाखवल्या आणि विचारलं, किती? सांगता येईना. शेवटी मी एकापासून सुरुवात केली, बोट लावत लावत, आणि पाचावर थांबले. आजही मला ‘सात’ म्हणायचं असेल तर मनात एकापासून चालत यावं लागतं.

पहिल्या वर्षात उठून चालायला लागले, पाय थोडा ओढत. दुसऱ्या वर्षात वाक्यं आली. उजव्या हाताची बोटं आली नाहीत. ज्या पेशी गेल्या त्या गेल्या. पण त्यांची कामं दुसऱ्या कुणीतरी, कुठून तरी, अर्धीमुर्धी उचलली. डॉक्टर सुरुवातीला म्हणाले होते की सहा महिन्यांत जे येईल ते येईल. माझं ‘नाही’ चौदाव्या महिन्यात आलं. म्हणून सांगते, तारखा ठरवू नका.

चांगुणा त्याआधीच निघून गेली होती. पावसाळ्याच्या आधी इमारत पुरी झाली, आणि एका सकाळी ती हंडा न घेताच आली.

“आमी चाललो, बाई. वाडीवर. मंग दिवालीनंतर इटांच्या भट्टीवर.”

मला तिला काय काय सांगायचं होतं. तिचं नावसुद्धा मला घेता येत नव्हतं. नावं सगळ्यांत शेवटी येतात. मी तिचा हात धरला आणि म्हटलं, “नाय.”

ती हसली. “नाय कसा? जावा तं लागल.”

तिने हात सोडवून घेतला, माझ्या गालावरून पालथी बोटं फिरवली आणि गेली. नंतर तिचं नाव आलं तेव्हा मी दोन वेळा त्या वाड्यांकडे रिक्षा करून गेले. चांगुणा नावाच्या तीन बायका भेटल्या. ती नव्हती.

*

संस्थेने मला पुन्हा कामावर घेतलं, दीड वर्षाने. सर दाराशी घ्यायला आले. माझं टेबल तसंच ठेवलं होतं. मी मायक्रोस्कोपला डोळे लावले, डाव्या हाताने फोकस केला. काठ ताबडतोब ओळखू आला. जिवंत कुठली, जाणारी कुठली, सगळं पहिल्यासारखं दिसत होतं. फक्त मोजता येत नव्हतं. बारा-तेरापर्यंत गेलं की आकडे सांडायचे, आणि पुन्हा पहिल्यापासून.

सरांनी तिसऱ्या दिवशी खुर्ची ओढली. “सुनंदाबाई, रेकॉर्डच्या खोलीत बसाल का? काम हलकं आहे.”

“नाही,” मी म्हणाले. तोपर्यंत ‘नाही’ आलेलं होतं. “काचपट्ट्या बघते. मोजणार दुसरं कुणी. मी… दाखवते.”

मग त्यांनी विचारलं, “एक विचारू? तुम्हाला तेव्हा आतून कळत होतं?”

“सगळं.”

“आम्ही आलो होतो त्या दिवशीसुद्धा?”

“हो,” मी म्हणाले. या खेपेला ते खरोखरचं ‘हो’ होतं. सरांनी चष्मा काढून पुसला आणि नव्या मुलींना मी काय ओळखायला शिकवायचं ते समजावून सांगायला लागले.

*

माझ्यावर उपचार करणाऱ्या पनवेलच्या डॉक्टरांनी पुढे मला एकदा बोलावून घेतलं. गव्हाणला त्यांचा एक पेशंट होता. मोरा बंदरातून मुंबईला जाणाऱ्या लाँचवर उभी हयात गेलेला माणूस, साठीचा. त्याला माझ्यासारखाच झटका येऊन दोन महिने झाले होते. “औषधाचं काही नाही,” डॉक्टर म्हणाले, “तुम्ही नुसत्या जाऊन बसा.”

मी एका शुक्रवारी गेले. ओटीवर खाट होती. त्यांची बायको, जनाबाई, उशाशी बसून म्हणत होती, “बोला नं. काय तरी बोला. बाई आल्यान पनवेलशी.”

“बुधवार,” ते म्हणाले.

जनाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. “सगल्याला बुधवार बोलतात. पानी पायजे तरी बुधवार, पोरगी आली तरी बुधवार. गावातली पोरा हसतात.”

मी त्यांना चहा करायला आत पाठवलं आणि स्टूल खाटेच्या अशा बाजूला ओढलं की त्यांना मान वळवावी लागू नये. काही विचारलं नाही. आधी मी माझं नाव सांगितलं. मग सांगितलं की मी चहा गाळताना पडले. सांगताना दोन ठिकाणी अडले, तर त्यांची नजर तिथेच थांबून राहिली, शब्द येईपर्यंत.

“बुधवार,” ते हळूच म्हणाले. ते कुठे पडले ते सांगत असावेत. डाव्या हाताने त्यांनी शिडीसारखं काहीतरी दाखवलं, मग पाणी.

“लाँचवर?”

“बुधवार!” त्यांनी उशीवरून डोकं उचललं.

तासभर आम्ही तसे बोललो. सगळं मला कळलं नाही. पण राग कुठला, लाज कुठली आणि जनाबाईंबद्दल बोलताना आवाज कसा खाली येतो, ते कळत होतं. तो एकच शब्द ते किती परींनी म्हणत होते! चहा आला, आम्ही दोघांनी डाव्या हातांनी प्यायला. दोघांच्याही बशीत सांडला.

निघायला उठले तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं. बोटांत ताकद होती.

“बुधवार?” शेवटी आवाज वर गेला होता.

जनाबाई म्हणाल्या, “बाई, त्यांचा काय मनाव घेव नका. त्यांना काय कलत नाय ते काय बोलतात.”

“कळतं,” मी म्हणाले. “मी पुन्हा कधी येणार, ते विचारताहेत.”

त्यांनी मनगट सोडलं नाही. माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

“उद्या,” मी त्यांना म्हणाले, आणि शनिवारी सकाळच्या पहिल्या एसटीने गेले.